काल आलेले पाहुणे

प्रश्न : ‘द मॅन हू इज स्टँडिंग देअर’मधलं ‘हू इज’ गाळलेलं चालतं. मग ‘काल आलेले पाहुणे’साठी मुलीने ‘द गेस्ट्स कमिंग यस्टर्डे’ लिहिलं, तर बाईंनी लाल रेघ का मारली?

उत्तर : बाईंचं बरोबर आहे. घोळ आपल्या मराठीमुळे होतो. आपल्याकडे ‘येणारे’, ‘येत असलेले’, ‘आलेले’ अशी तिन्ही रूपं तयार. काम झालं की व्हायचंय, ते शब्दातच कळतं. ‘कमिंग’ला ती सोय नाही. म्हणून येऊन गेलेल्या पाहुण्यांना मुकाट ‘हू केम यस्टर्डे’ लावायचं. ‘द बॉय बिटन बाय अ डॉग’ मात्र चालतं. तिथे मुलाने काही केलेलं नाही, चावलाय कुत्रा. मी नोकरीच्या पहिल्या अर्जात ‘हू’ खाऊन ‘द पर्सन रेफर्ड मी’ लिहिलं होतं. नोकरी मिळाली, पण साहेब ते वाक्य वर्षभर ऐकवत होते.