‘हाताखाली एकही माणूस नाही’, म्हणून एमबीए?

नमस्कार,

तुमची मुलगी सव्वीस वर्षांची, मेकॅनिकल इंजिनिअर, चार वर्षं एकाच कंपनीत डिझाइनचं काम करतेय. ती एमबीएला तयार नाही, म्हणून तुम्ही तिला न सांगता क्लासची फी भरलीत, आणि आता मला विचारताय, ‘तिला कसं पटवू?’

पटवण्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रात ‘तिच्या हाताखाली अजून एकही माणूस नाही’ हे वाक्य तीनदा आलंय. तिचं स्वतःचं म्हणणं मात्र एकदाच, तेही शेवटाकडे: ‘ती म्हणते, मला डिझाइनच करायचंय.’ आणि ती नेमकं काय बनवते? ‘पंपांचं काहीतरी’, एवढंच तुम्ही लिहिलंय. मला काळजी वाटली ती इथे. चार वर्षं जीव ओतून काम करणारी मुलगी घरी येते आणि तिला विचारलं काय जातं, तर ‘किती माणसं सांभाळतेस?’ अशा घरात मूल हळूहळू कामाबद्दल बोलणंच बंद करतं. फी परस्पर भरणं तर सरळ चूक आहे. ती लहान नाही.

परीक्षेचं म्हणाल, तर एमबीएच्या प्रवेश परीक्षा दर वर्षी होतात आणि नोकरीचा अनुभव तिथे वाया जात नाही. घाई कसलीच नाही.

आता तुमचा मूळ गैरसमज. कंपनी म्हणजे एकच शिडी, आणि वर चढणं म्हणजे जास्त माणसांवर हुकूम चालवणं, असं तुम्ही धरून चाललाय. 1855 मध्ये अमेरिकेतल्या एरी रेल्वेसाठी डॅनियल मॅकलम यांनी जो तक्ता करवून घेतला, तो आधुनिक व्यवस्थापनातला पहिला संघटन-तक्ता (कंपनीत कोण कोणाच्या हाताखाली, हे दाखवणारं चित्र) मानला जातो. तो झाडासारखा आहे: संचालक मंडळ आणि अध्यक्ष तळाशी, मुळांच्या जागी, आणि विभाग वर फांद्यांसारखे पसरलेले. शेकडो मैलांच्या मार्गावर कुठली गाडी कुठे अडकलीय, हे मुख्य कार्यालयाला वेळेत कळत नव्हतं. म्हणून कोणी कोणाला कळवायचं आणि कुठला निर्णय कुठे घ्यायचा, हे मांडून ठेवावं लागलं. रचना कामाच्या गरजेतून येते. कुठे कामानुसार खाती असतात, कुठे उत्पादनानुसार विभाग, कुठे एकाच माणसाला खात्याचा आणि प्रकल्पाचा असे दोन वरिष्ठ. 1997 मध्ये स्टीव्ह जॉब्ज परतल्यावर अ‍ॅपलने उत्पादनवार विभागप्रमुखांची पद्धत मोडली आणि कामानुसार खाती केली. म्हणजे डिझाइनचा प्रमुख डिझाइन जाणणाराच. आयबीएमने तर 1960च्या दशकातच ‘फेलो’ हे पद सुरू केलं: सर्वोच्च तांत्रिक मान, आणि त्यासाठी माणसं सांभाळण्याची अट नाही. अशा दुसऱ्या शिडीला तांत्रिक शिडी म्हणतात, आणि आज ती बऱ्याच कंपन्यांत असते.

याचा अर्थ मॅनेजर बिनकामाचे, असा मुळीच नाही. गूगलने 2002 मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून पाहिले आणि काही महिन्यांतच परत आणले, कारण भांडणं आणि खर्चाची बिलं थेट संस्थापकांपर्यंत जायला लागली. माणसं सांभाळणं हे वेगळं कसब आहे. चांगलं डिझाइन केल्याचं बक्षीस म्हणून ते कोणाच्या गळ्यात घालू नये. अशी गळ्यात पडलेली जबाबदारी वाहून कंटाळलेली बरीच माणसं माझ्यासमोर येऊन बसतात.

तेव्हा मुलीला एक ड्रॉइंग दाखवायला सांगा. बाहेर दाखवता येत नसेल, तर कोरा नमुना चालेल. सहसा खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते: तयार केलं, तपासलं, मंजूर केलं. आज तिची सही पहिल्या रकान्यात असेल. ‘मंजूर’च्या रकान्यात सही करणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते, हे तिच्याच तोंडून ऐका. मग विचारा, तिच्या कंपनीत तांत्रिक शिडी कुठपर्यंत जाते? तिथे सर्वांत वरचा इंजिनिअर कोण, आणि त्याचा पगार मॅनेजरच्या बरोबरीचा आहे का? शिडी दोन पायऱ्यांतच संपत असेल, तर तिने कंपनी बदलण्याचा विचार करावा. त्यावर एमबीए हा उपाय नाही.

आणि फीची गोष्ट तिला आजच सांगा, क्लासचा फोन तिला जाण्याआधी.