दोन कुत्र्यांना एकदम घरी आणताय ना?

आधी एकत्र राहिलेले असले तरी जेवणाची भांडी वेगळी, आणि तीही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. पहिली भांडणं बहुधा खाण्यावरूनच होतात. एक जण खाता खाता थबकला, अंग ताठ करून डोळ्यांच्या कडेने दुसऱ्याकडे बघू लागला, की अंतर वाढवा. गुरगुरला म्हणून ओरडू नका. ती सूचना असते. दाबून टाकलीत तर पुढच्या खेपेला तो थेट चावू शकतो.

रोज थोडा वेळ एकेकट्याला फिरवा. जोडीनेच नेलं की बुजरा दुसऱ्याच्या आडोशाने राहतो, तुमच्याशी त्याची ओळखच होत नाही. पलंगाखाली बसला तर बसू द्या. पाहुणे? सध्या नकोतच. आणि हो, गळपट्ट्यात दोन बोटं जातील इतकीच ढील ठेवा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत सैल पट्ट्यातून क्षणात निसटतं.