दारू सुटली, पण संध्याकाळचं काय?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा, मूळचा कराडचा. सहा वर्षं फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला नोकरी करतोय. आधी फक्त शुक्रवारी घ्यायचो, मग रोजची सवय झाली. गेल्या वर्षी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. त्या दिवसापासून दारू बंद. अकरा महिने झाले. पण दारूबरोबर सगळी मंडळीही सुटली. ऑफिस, घर, मोबाइल, झोप. मार्चमध्ये एका सहकाऱ्याने मला कावा बारमध्ये नेलं. तिथे दारू मिळत नाही. करवंटीत कावा नावाच्या झाडाच्या मुळांचं मातकट, कडू पाणी देतात, सगळे मिळून ‘बुला’ म्हणतात आणि पितात. मंगळवारी बुद्धिबळाचे पट मांडतात. एकदा मी गेलो नाही, तर पुढच्या वेळी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, ‘बरा आहेस ना? आला नाहीस.’ आईला हे फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. ‘एक बार सोडलास आणि दुसरा धरलास,’ म्हणाली. माझं चुकतंय का?

उत्तर : अकरा महिने परक्या गावात, एकट्याने दारूपासून लांब राहिलास, याचं मला फार कौतुक वाटतं. आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं वाक्य तू पत्रात आवर्जून लिहिलंस, त्यातच तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

कावा मी जवळून पाहिलाय. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं फिजीत, सुव्याला राहिलो. आमच्या शेजाऱ्यांचे पणजोबा गिरमिटिया. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं करारावर उसाच्या मळ्यांत नेली, त्यांतले एक. फिजीच्या मूळ लोकांचा कावा, त्यांच्या भाषेत ‘यंगोना’, या हिंदी घरांतही पक्का रुजलाय. बोलताना सगळे त्याला ‘ग्रॉग’च म्हणतात.

शेजारच्या आजी वारल्या तेव्हा तेरा दिवस त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली चटया अंथरलेल्या होत्या. संध्याकाळी पुरुष मंडळी जमायची. मधोमध प्लास्टिकचा मोठा टब. मुळांची पूड फडक्यात बांधून पाण्यात पिळायची, आपण नारळाचं दूध काढतो तशी. पाण्याला पावसाळ्यातल्या ओढ्याचा रंग येतो. एकच करवंटी, ‘बिलो’, सगळ्यांत फिरते. अर्धी हवी तर म्हणायचं ‘लो टाइड’, भरून हवी तर ‘हाय टाइड’. घेण्याआधी एक टाळी, एका दमात प्यायचं, रिकामी झाली की तीन टाळ्या. मीही एकदा घेतली. लवंग चावल्यावर होते तशी जीभ बधिर झाली. वर तोंड गोड करायला कुणीतरी गोळी पुढे केली.

पण मला खरं लक्षात राहिलंय ते वेगळंच. घरातला थोरला मुलगा करवंटी भरून एकेकाला देत होता. सातव्या की आठव्या माणसापाशी त्याचा हात थांबला. चटईवर एक जागा रिकामी होती. त्याने लगेच धाकट्याला बॅटरी देऊन गल्लीच्या टोकाला पाठवलं, ‘चाचा काहे नहीं आया, देखके आव.’ चाचांना ताप होता. त्या रात्री त्यांच्या घरी डाळ-भात गेला. करवंटी प्रत्येकापर्यंत न्यायचीच असते, म्हणून कोण आलं नाही ते कळतं. तुला मंगळवारी मिळालं ते हेच.

तू कराडचा. प्रीतिसंगमावर संध्याकाळी ठरलेल्या जागी बसणारी म्हातारी मंडळी तू लहानपणापासून पाहिली असशील. ती काही रोज नदी बघायला येत नाहीत.

तेव्हा तिथे जाण्यात तुझं काहीच चुकत नाही. करवंटीतल्या पाण्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण तुझं लिव्हर एकदा दुखावलेलं आहे. कावा मनाला शांत करतो, स्नायू सैल करतो. दारूसारखा आरडाओरडा, तोल जाणं सहसा होत नाही. पण त्याने काहीच चढत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) कावायुक्त पदार्थांमुळे लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते असा इशारा दिला होता. तेव्हा पुढची करवंटी उचलण्याआधी डॉक्टरांकडे जा, कावाचं नाव घेऊन विचार आणि लिव्हरची तपासणी पुन्हा करून घे. ते नको म्हणाले तर नकोच. झोपेच्या, चिंतेच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांग. प्यायल्यावर गाडी चालवू नकोस.

दुसरी गोष्ट क्रेटमची. तुमच्याकडच्या बऱ्याच कावा बारमध्ये त्याच काउंटरवर क्रेटमही विकतात. ते वेगळ्या झाडाचं पान आहे, अफूसारखं मेंदूवर काम करतं आणि त्याची सवय लागते. दारूतून बाहेर आलेल्या माणसाने त्याला हात लावू नये. कुणी प्रेमाने पेला पुढे केला तरी आत काय आहे ते विचारूनच घे. कावाच्या अर्काच्या छोट्या बाटल्याही टाळ. तू ‘एए’च्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ गटाच्या मीटिंगला जात असशील तर तिथेही हे उघड बोल. कावा घेणं म्हणजे व्यसनमुक्ती मोडणं, असं मानणारे तिथे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं ऐकून घे.

सुव्याला मी याची दुसरी बाजूही पाहिली. रोज रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टबाभोवती बसणारे नवरे, अतिसेवनाने खवले धरलेली त्यांची कातडी, आणि दिवा लावून वाट बघणाऱ्या बायका. म्हणून तुला एक सांगते. येत्या मंगळवारी कावा घेऊच नकोस. चहा माग, नाहीतर साधं पाणी घे, आणि पटावर बस. संध्याकाळ तितकीच बरी गेली तर तू माणसांसाठी जातोस हे तुझं तुला कळेल. आणि पेला हातात नसलेल्याला तिथे कुणी खुशाल बसू देत नसेल, तर ती जागा तुझी नाही.

आता आई. ‘बार’ हा शब्द ऐकल्यावर तिच्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते मी समजू शकते. कावा मिरी आणि नागवेलीच्याच कुळातला, हे तिला सांगितलंस तर थोडं नवल वाटेल. आपण पाहुण्याला पान-सुपारी देतो, फिजीत पाहुणाच यजमानाकडे या मुळांची जुडी घेऊन जातो, हेही सांग. पण ‘आई, हे पानासारखंच निरुपद्रवी’ असं म्हणू नकोस, ते खरं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते जसंच्या तसं सांग. मग एखाद्या मंगळवारी तिथूनच व्हिडिओ कॉल लाव, तुमच्याकडे संध्याकाळ म्हणजे इकडे पहाट, ती उठलेलीच असेल. पट दाखव, त्या आजोबांची ओळख करून दे.

आणि दारू सोडल्यापासून तू किती एकटा पडला होतास, हे तिला कधी सांगितलंयस का? मला लिहिलंस तसं आधी तिला सांग.