समुद्री शेवाळाची कॅप्सूल आणि आईचा पंप

प्रश्न : माझ्या साठीच्या आईने आयुष्यभर पऱ्हाटी-तुराट्यांच्या चुलीवर स्वयंपाक केला, विडीला तिने कधी हात लावला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी फुंकण्याची तपासणी झाल्यावर सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार) निदान झाले आणि श्वासातून औषध ओढण्याचा पंप सुरू झाला. आता एका नातेवाइकाने समुद्री शेवाळातील ‘फुकोइडान’च्या कॅप्सूल आणल्या असून त्यांनी पंप सुटेल, असे ते म्हणतात. त्या द्याव्यात का?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पंप मुळीच बंद करू नये. चुलीच्या धुराने फुफ्फुसात जमणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचे विकर सोडतात आणि त्याने वायुकोशांच्या नाजूक भिंती झिजत जातात. झिजलेली भिंत पुन्हा उभी करणारे औषध आज उपलब्ध नाही. फुकोइडान ही तपकिरी शेवाळातील गंधकयुक्त शर्करेची लांब साखळी असून प्रयोगशाळेतील पेशींवर व उंदरांवर तिने दाह कमी केल्याचे दिसले आहे. मात्र पेशींवर थेट ओतलेला पदार्थ आणि तोंडाने गिळलेली कॅप्सूल यांत मोठे अंतर आहे, कारण हा रेणू इतका मोठा असतो की आतड्यातून तो फारच थोडा शोषला जातो.

समुद्रातून औषध मिळतच नाही, असे मात्र नाही. कॅरिबियन समुद्रातील स्पंजावरून सुचलेले सायटाराबीन अमेरिकेत १९६९ मध्ये मान्य झाले. पण ते रक्ताच्या कर्करोगासाठी आहे. फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या जवळ जाणारे उदाहरण नॉर्वेचे आहे. तेथील एका कंपनीची, तपकिरी शेवाळातील अल्जिनेट या शर्करेच्या साखळीच्या लहान तुकड्यांची भुकटी सिस्टिक फायब्रोसिसच्या (फुफ्फुसात घट्ट कफ साचणारा आनुवंशिक आजार) रुग्णांना थेट श्वासातून देऊन पाहिली गेली, तरीही दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत फुफ्फुसाच्या क्षमतेत ठोस सुधारणा सिद्ध झाली नाही. सीओपीडीसाठी समुद्री घटकापासून बनलेले मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही.

शिवाय फुकोइडानचा गुण हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधासारखा, रक्त पातळ करण्याचा आहे आणि तपकिरी शेवाळात आयोडीन भरपूर असते. आई हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल किंवा तिला थायरॉईडचा त्रास असेल, तर ही कॅप्सूल निरुपद्रवी म्हणता येणार नाही.

आपल्याकडे सिलिंडर चहापुरता आणि भाकरी चुलीवर, असे घरोघरी दिसते. आईसाठी भाकरीही गॅसवर नेता आली, तर रोज फुफ्फुसात जाणारा धूर तरी कमी होईल. पुढच्या तपासणीला जाताना कॅप्सूलची डबी आणि पंप दोन्ही सोबत न्यावे व ती पंप कसा ओढते, ते डॉक्टरांसमोर करून दाखवावे. पंप लागू पडत नाही अशी तक्रार असलेल्या अनेकांच्या बाबतीत औषध घशातच राहिलेले असते.