कॉलनीत चोऱ्या वाढल्यात, रहिवाशांनी गस्त घालावी का? पोलीस साथ देतात का?

तुम्ही लिहिलंय, कोल्हापुरात तुमच्या कॉलनीत घरफोड्या वाढल्यात, पोरं रात्रीची गस्त घालायची म्हणतायत, पोलीस साथ देतील का. देतात. पण पोरांच्या हातात काठ्या देणार असाल तर आधी हे वाचा.

आमच्या शेजारच्या गल्लीत एक बंगला फुटला आणि इकडं लगेच फौज तयार. पुढारी तात्या, तालमीत वाढलेले. "पोलीस कशाला? आपलं आपण बघून घेऊ की!" बीट अंमलदाराला, म्हणजे आपला भाग ज्याच्याकडं असतो त्या पोलिसाला, बैठकीला बोलवूया म्हटलं तर हशा पिकला.

एका रात्री आरडाओरडा ऐकून खाली उतरलो. एक माणूस गेटवरच्या पाट्या वाचत फिरत होता म्हणून पोरांनी त्याला विजेच्या डीपीजवळ भिंतीला रेटून धरलेलं. एकाच्या हातात हॉकी स्टिक. पिशवी रस्त्यावर पालथी: भाकरीचा डबा, सीपीआरचा, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याचा केसपेपर, एक्स-रेचं पाकीट. गडहिंग्लजकडचा माणूस, भाऊ सीपीआरला ॲडमिट, मोबाइलची बॅटरी संपलेली, चुलत बहिणीचं घर शोधत होता. सांगत होता बिचारा, पण ऐकतंय कोण! "सगळे असंच सांगतात," तात्या म्हणाले. मी ११२ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत त्याच्यापुढं उभा राहिलो. हवालदारानं केसपेपरच्या मागं लिहिलेला नंबर लावला. बहीण मागच्याच गल्लीतली, नवऱ्याला घेऊन पळत आली.

तात्या अजून म्हणतात, मी पोरांचा उत्साह मोडला. मोडला असेल तर बरं झालं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारे, मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्या जमावालाही आपण गाव राखतोय असंच वाटत होतं.

गस्त घालाच, पण पोरांची नावं आधी ठाण्यात द्या, बीट अंमलदाराला एकदा भेटवा. हातात बॅटरी आणि शिट्टी, बाकी काही नको. संशय आला की गाडीचा नंबर टिपायचा, ११२ लावायचा. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर कुणालाही पकडता येतं, पण नव्या कायद्याप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. चोप द्यायची परवानगी त्यात कुठंच नाही, तात्या.

आणि घरं काय फक्त रात्रीच फुटतात? आमच्याकडची पुढची चोरी मे महिन्यात, भर दुपारी. माणसं कोकणात गेलेली, कडीकोयंडा उचकटून आत. तात्यांच्या कॅमेऱ्यात चोर दिसला, टोपी घातलेला, पाठमोरा. वर कॅमेऱ्यातलं घड्याळ चाळीस मिनिटं मागं, त्यामुळं चौकातल्या कॅमेऱ्याशी वेळ जुळवता जुळवता पोलीस वैतागले. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यावरची जाळी झाडा, त्याचं घड्याळ बघा. गावाला जाताना शेजाऱ्याला आणि बीटवाल्याला सांगून जा, दागिने लॉकरला ठेवा. बीटवाल्याला व्हॉट्सॲप ग्रुपवर घेणार असाल तर तो ग्रुप वेगळा ठेवा. आमचे साहेब गुड मॉर्निंगच्या फुलांना कंटाळून बाहेर पडले.

आता पोलिसांचंही सांगतो, नाहीतर म्हणाल हा त्यांचाच माणूस. अंमलदार बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि चोरी झाली की काही ठिकाणी नुसता तक्रार अर्ज घेऊन वाटेला लावतात. अर्जावर भागवू नका, एफआयआर मागा, प्रत फुकट मिळते. घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टानं थेट एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, कायद्यात तशी सोय आहे. शेजारच्या गल्लीतल्या त्या बंगल्यावाल्यांनी शेवटी तेच केलं, मग नोंद झाली.