टेंटॉक्सिनचा प्रयोग करणाऱ्या नवख्यासाठी

हिरव्यागार पानावर टेंटॉक्सिन टाकून ते पिवळं पडायची वाट बघत बसू नकोस. पहिल्या वेळी मीही तेच केलं होतं! अल्टर्नेरिया बुरशीचं हे विष, म्हणजे चार अमिनो आम्लांचं एक छोटं कडं, पान पिवळं पाडतं ते हरितलवक घडत असतानाच. म्हणून काकडीचं बी भिजवतानाच ते द्यायचं आणि बीजपत्रं हिरवी होताना बघायची. कपाशीच्या रोपांतही असाच पिवळेपणा येतो, तोही ठिगळाठिगळांनी.

हे विष हरितलवकातल्या एटीपी सिंथेझला, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन असलेलं एटीपी बनवणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. त्या प्रथिनाच्या बीटा भागातलं ८३ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं, तरी झाड दाद देईनासं होतं. मक्यावर मात्र याचा परिणाम दिसत नाही. तेव्हा शेजारी मक्याचा ट्रे ठेव. तोही पिवळा पडला तर दोष विषाचा नाही, तुझ्या पाण्याचा किंवा उजेडाचा आहे.

विष अल्कोहोलमध्ये विरघळवणार असशील, तर नुसतं तेवढंच अल्कोहोल दिलेला एक ट्रे हवाच. इथेच सगळे आळस करतात.

आणि शेतातलं पिवळं रोप बघून लगेच बुरशीला धरू नकोस. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तरी कोवळी पानंच आधी पिवळी पडतात.