नवा अँड्रॉइड फोन घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नवा फोन निवडण्याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरे देताना आम्ही एक कसोटी धरली आहे. घेतल्यानंतर बदलता न येणारी गोष्ट आधी पाहायची. कव्हर, चार्जर, लाँचर (होम स्क्रीनचे ॲप), कॅमेऱ्याचे ॲप हे सगळे नंतर बदलता येते. स्टोरेजचा प्रकार, अपडेटची मुदत, सेन्सर आणि नेटवर्कचे बँड (फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे) मात्र बदलत नाहीत.

प्रश्न : दोन फोन एकाच किमतीत मिळत आहेत. एकावर '१६ जीबी रॅम, १०८ मेगापिक्सेल, २५६ जीबी' असे लिहिले आहे. दुसऱ्यावर '८ जीबी रॅम, ५० मेगापिक्सेल ओआयएस, १२८ जीबी' आहे. आकडे पाहिले तर पहिलाच घ्यावा असे वाटते. मग दुकानात विचारले की काही जण दुसरा का सुचवतात?

उत्तर : पहिल्या फोनची १६ जीबी रॅम बहुधा '८ अधिक ८' असते. त्यातली ८ खरी, आणि उरलेली ८ स्टोरेजमधून उसनी घेतलेली. तिला कंपन्या व्हर्च्युअल रॅम, एक्स्टेंडेड रॅम अशी वेगवेगळी नावे देतात. मागे पडलेली ॲप स्टोरेजवर सरकवून ठेवायची, एवढेच तिचे काम. स्टोरेजचा वेग खऱ्या रॅमच्या जवळपासही जात नाही, म्हणून तो आकडा तुलनेत धरूच नका. दोन्ही फोन ८ जीबीचेच समजा.

आता स्टोरेज. २५६ हा आकडा १२८ पेक्षा मोठा आहे, पण ते स्टोरेज कोणत्या प्रकारचे आहे हे आधी विचारा. ईएमएमसी हा जुना, संथ प्रकार आणि यूएफएस हा नवा, वेगवान. ईएमएमसी ५.१ सलग वाचताना सेकंदाला साधारण २५० ते ३०० एमबी देते. यूएफएस २.२ सुमारे १,००० एमबी, यूएफएस ३.१ सुमारे २,०००, तर यूएफएस ४.० सुमारे ४,००० एमबी देते. ॲप उघडणे, अपडेट बसणे, गॅलरीत मागे जाणे हे सगळे यावर चालते. वर्ष-दीड वर्षाने फोन अडकायला लागला की लोक प्रोसेसरला दोष देतात, पण पुष्कळदा कारण असते ते भरत आलेले ईएमएमसी. आमच्या मते आज ईएमएमसीचा फोन घेऊ नये, यूएफएस २.२ ही किमान पायरी धरावी. शिवाय एकाच मॉडेलमध्येही फरक असू शकतो. गॅलॅक्सी एस२३च्या १२८ जीबी प्रकारात यूएफएस ३.१ होते आणि २५६ जीबी प्रकारात ४.०. त्यामुळे माहिती पाहायची ती तुम्ही घेणार आहात त्याच प्रकाराची. कोणत्याही फोनवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, हेही हिशेबात घ्या.

राहिला कॅमेरा. १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या वापरात नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. ५० चा सेन्सर चार एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा देतो. हातात येणारा फोटो जवळपास त्याच आकाराचा. फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने आणि ओआयएसने (हाताचा कंप सावरणारी सोय). सेन्सरचा आकार १/१.५६ इंच असा अपूर्णांकात देतात. त्यात खालचा आकडा जितका लहान, तितका सेन्सर मोठा आणि तितका जास्त उजेड आत येतो. ओआयएसमध्ये भिंग हाताच्या कंपाच्या उलट दिशेला सरकते. त्यामुळे कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडे ठेवले तरी फोटो फिस्कटत नाही. बरोबर दिलेले २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे मोजूच नका. ते मागची बाजू भरलेली दिसावी यासाठी असतात. दोन्ही फोनवर व्हिडिओ ४के निघतो की १०८०पीवरच थांबतो हेही पाहा. मेगापिक्सेल भरपूर आणि चिप कमकुवत असली की व्हिडिओत ते उघडे पडते.

स्टोरेजचा प्रकार दोन्हीकडे सारखा असेल आणि १२८ जीबी तुम्हाला पुरत असेल, तर दुसरा फोन घ्या.

प्रश्न : गेल्या वर्षीचा फ्लॅगशिप (कंपनीचा सर्वांत वरच्या दर्जाचा फोन) स्वस्त झाला आहे. तो घ्यावा, की यंदाचा नवा मध्यम दर्जाचा?

उत्तर : पहिल्यांदा अपडेटची उरलेली वर्षे मोजा. मुदत मोजतात ती फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून, तुम्ही तो विकत घेतल्याच्या तारखेपासून नव्हे. गूगलने पिक्सेल ८ पासून (ऑक्टोबर २०२३) आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ मालिकेपासून (जानेवारी २०२४) सात वर्षांची हमी दिली आहे. म्हणजे पिक्सेल ८ कधीही घेतला तरी त्याची अपडेट ऑक्टोबर २०३० पर्यंतच. स्वस्त फोनांमध्ये ही मुदत दोन-तीन वर्षांचीही असते. जाहिरातीत दोन वेगळे आकडे असतात : अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्त्या मिळतील आणि सुरक्षा अपडेट किती वर्षे येतील. बँकेची ॲप वापरणाऱ्याने दुसरा आकडा धरावा.

उरलेली वर्षे तुमच्या वापराच्या वर्षांइतकी असतील, तर जुना फ्लॅगशिप घ्यायला आमची पसंती. त्यात वेगवान स्टोरेज, चांगला व्हिडिओ, बरेचदा खरा टेलिफोटो (दूरचे जवळ आणणारा कॅमेरा) आणि यूएसबी ३ चे पोर्ट मिळते. मध्यम फोनांमध्ये पोर्ट टाइप-सी दिसले तरी आत यूएसबी २.० असू शकते. तसे असेल तर वेग सेकंदाला ४८० मेगाबिटवर अडतो आणि टीव्हीला केबलने चित्रही पाठवता येत नाही.

फ्लॅगशिप त्याहूनही जुना असेल तर एक सावधगिरी मात्र बाळगा. स्नॅपड्रॅगन ८८८ (२०२१ चे फोन) आणि ८ जेन १ (२०२२ ची सुरुवात) या चिप तापण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. त्याच रचनेची ८ प्लस जेन १ टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनू लागली आणि उष्णता बरीच उतरली. नावात एका 'प्लस'चाच फरक आहे, पण हातात तो लगेच जाणवतो. शिवाय खोक्यात पडून राहिलेली बॅटरीही थोडी म्हातारी होते. दीड-दोन वर्षे पडून असलेला साठा असेल तर बॅटरीची वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरणार ते बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : ७,००० एमएएचची बॅटरी नेहमीच्या जाडीत कशी बसते? ती लवकर खराब होते का? आणि १२० वॅटच्या चार्जिंगने बॅटरीचे आयुष्य घटते असे ऐकले, ते खरे का?

उत्तर : या बॅटऱ्या सिलिकॉन-कार्बन प्रकारच्या आहेत. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत ऋण अग्र ग्रॅफाइटचे असते. एक ग्रॅम ग्रॅफाइट सिद्धांताप्रमाणे ३७२ एमएएच साठवते, सिलिकॉन त्याच्या जवळजवळ दहापट. अडचण अशी की चार्ज होताना सिलिकॉन मूळ आकाराच्या सुमारे तिप्पट-चौपट फुगते आणि तडकते. म्हणून ते कार्बनच्या जाळीत बसवतात आणि प्रमाणही मर्यादित ठेवतात. अशा बॅटरीच्या टिकाऊपणासाठी एमएएच नव्हे, चार्जिंगच्या फेऱ्यांचा आकडा विचारा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे की ८०० पूर्ण फेऱ्यांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के शिल्लक राहिली पाहिजे. प्रत्येक मॉडेलच्या फेऱ्या आणि दुरुस्तीची श्रेणी संघाच्या ईप्रेल या सार्वजनिक नोंदवहीत कोणालाही पाहता येते. तुम्ही कुठेही राहत असलात तरी ती उपयोगी आहे. फक्त काही मॉडेलांची युरोपातली बॅटरी इतर बाजारांपेक्षा लहान असते, तेवढे ताडून घ्या.

चार्जिंगबद्दल : १२० वॅट हा वेग सुरुवातीची काही मिनिटेच असतो. बॅटरी भरत जाते तसा प्रवाह उतरतो, ८० टक्क्यांच्या पुढे तर तो खूपच कमी होतो. अशा फोनांत बॅटरी बहुधा दोन भागांत विभागलेली असते, त्यामुळे एकेका भागावर निम्माच भार येतो. बॅटरीला खरा त्रास होतो तो उष्णतेचा आणि दीर्घकाळ १०० टक्क्यांवर ठेवण्याचा. रात्रभर लावायचा असेल तर सेटिंगमधली ८० टक्क्यांची मर्यादा चालू करा आणि फोन उशीखाली ठेवू नका.

आणखी एक पाहायचे : फोनचा वेग कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा आहे की यूएसबी पीडी या सर्वांसाठीच्या मानकाचा? स्वतःच्या पद्धतीचा असेल तर तो पूर्ण वेग त्याच कंपनीच्या चार्जर-केबलवर मिळतो, दुसऱ्या चार्जरवर त्याचा थोडाच अंश. सॅमसंगच्या ४५ वॅट फोनांना पीपीएस (व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोय) असलेला पीडी चार्जर आणि ५ अँपिअरची केबल लागते. ३ अँपिअरची केबल लावली की फोन चार्ज होतो, पण तेवढ्या वेगाने नाही.

प्रश्न : ॲमोलेड स्क्रीनवर रात्री वाचले की डोके दुखते. जुन्या एलसीडी फोनवर असे होत नव्हते.

उत्तर : ॲमोलेड हा ओएलईडीचाच प्रकार. बरेच ओएलईडी पडदे उजेड कमी करण्यासाठी पिक्सेल वेगाने चालू-बंद करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. काही पडद्यांत हे सेकंदाला २४० किंवा ४८० वेळा होते, काहींत १,९२० किंवा त्याहून जास्त वेळा. वारंवारता कमी असली की संवेदनशील माणसाला त्रास होऊ शकतो, आणि उजेड जितका मंद तितका तो वाढतो. दुकानात तपासायचे असेल तर त्या फोनचा उजेड एकदम कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/४००० ठेवून पडदा बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो फोन तुमच्यासाठी नाही. पट्टे बारीक आणि फिके असतील तर बरे.

सध्याच्याच फोनवर उपाय करायचा असेल तर मूळ उजेड वरच ठेवा आणि अँड्रॉइड १२ पासून आलेल्या 'एक्स्ट्रा डिम'ने तो उतरवा. तरीही डोकेदुखी थांबली नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आयपी६८ फोन पोहताना वापरता येतो का?

उत्तर : नाही. आयपी हे धूळ-पाणी रोखण्याचे मानांकन. आयपी६७ म्हणजे एक मीटर स्वच्छ, स्थिर पाण्यात ३० मिनिटे. आयपी६८ ची खोली कंपनी स्वतः ठरवून जाहीर करते. खारे पाणी, क्लोरीन, साबण यांची ही चाचणी नसते आणि सील जुने होत जातात. पाणी शिरून झालेले नुकसान बहुतेक वॉरंटींमध्ये बसत नाही.

प्रश्न : गेमसाठी फोन निवडताना अंटुटू या वेग मोजणाऱ्या ॲपचा आकडा पुरेसा आहे का?

उत्तर : तो पहिल्या काही मिनिटांचा आकडा आहे. फोन तापला की चिप स्वतःचा वेग उतरवते, आणि गेम तर तासभर चालतो. परीक्षणांत थ्रीडीमार्क या चाचणी-ॲपच्या वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्टचा निकाल शोधा. त्यात तीच चाचणी सलग २० वेळा होते आणि शेवटी स्थिरतेची टक्केवारी मिळते. पहिल्या फेरीत १०० गुण मिळवून ५५ टक्क्यांवर येणारा फोन शेवटी ५५ वर असतो. ८० गुणांचा, पण ९५ टक्के स्थिर फोन ७६ वर टिकतो. आम्ही दुसरा घेऊ. बायपास चार्जिंग असेल तर उत्तम, कारण तेव्हा चार्जरची वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला जाते आणि उष्णता कमी होते.

प्रश्न : आईसाठी साधा फोन घ्यायचा आहे. ती फक्त कॉल, व्हिडिओ कॉल आणि नकाशा वापरते. काय पाहू?

उत्तर : स्वस्त फोनांत काटछाट होते ती नेमकी याच ठिकाणी. प्रॉक्सिमिटी सेन्सरऐवजी (फोन कानाजवळ आल्याचे ओळखणारा सेन्सर) काही फोन आवाजाच्या लहरींवर अंदाज बांधतात. तो चुकला की कानाला लावलेल्या फोनचा पडदा पेटतो आणि गालाने कॉल म्यूट होतो. दुकानात प्रत्यक्ष कॉल लावा आणि पडद्याचा वरचा भाग तळहाताने पाच-सहा वेळा झाका-उघडा. प्रत्येक वेळी पडदा लगेच विझला पाहिजे. नकाशा उघडून निळ्या ठिपक्यातून दिशेचा झोत निघतो का ते पाहा. तो दिसत नसेल किंवा जागीच उभे राहून वळल्यावर वळत नसेल, तर होकायंत्राचा सेन्सर नसण्याची शक्यता आहे. कॉलसाठी व्होल्टीई (४जीवरून कॉल) आणि सिमकंपनीचे ४जी-५जी बँड फोनच्या यादीत असलेच पाहिजेत. दुसऱ्या देशासाठी बनवलेला फोन स्वस्त मिळाला तरी याच मुद्द्यावर फसतो.

प्रश्न : वापरलेला फोन घेताना काय तपासावे?

उत्तर : *#०६# दाबून आलेला आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. मग विक्रेत्याला तुमच्यासमोर सेटिंगमधून फॅक्टरी रीसेट करायला सांगा आणि सुरुवातीची मांडणी (सेटअप) वाय-फाय जोडून शेवटपर्यंत करा. जुने गूगल खाते किंवा जुना पिन मागितला तर तो फोन चोरीचा किंवा अडकलेला असू शकतो. 'नंतर काढून देतो' हे ऐकून घेऊ नका. फोन चालू होताना बूटलोडर (फोन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) उघडा असल्याची सूचना आली तर बँकेची ॲप चालणार नाहीत असे धरून चाला. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली प्ले प्रोटेक्टचे प्रमाणन पाहा. डीआरएम इन्फो ॲपमध्ये वाइडवाइन (चित्रपटांची नक्कल रोखणारी यंत्रणा) एल१ पातळीचे दिसले पाहिजे. एल३ असेल तर चित्रपटांच्या सेवा एचडीत चालत नाहीत. पूर्ण राखाडी चित्र लावून पडद्यावर जुन्या खुणा उरल्या आहेत का ते बघा. सॅमसंगवर *#०*# ने तपासणीचा मेनू उघडतो.

प्रश्न : जुन्या फोनमधून सगळे कसे न्यावे?

उत्तर : नव्या फोनच्या मांडणीच्या वेळी दोन्ही फोन केबलने जोडा, वाय-फायपेक्षा ते भरवशाचे. व्हॉट्सॲपसाठी जुन्या फोनच्या सेटिंगमध्ये चॅट्स, मग ट्रान्सफर चॅट्स उघडा आणि नव्या फोनवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड देणाऱ्या) ॲपमधली खाती आपोआप येतीलच असे नाही, ती वेगळी निर्यात करावी लागतात. बँकेची ॲप नव्याने नोंदवावी लागतात. ई-सिम असेल तर ते हलवण्याची सोय आधी सिमकंपनीला विचारा. जुना फोन आठवडाभर तसाच ठेवा, राहिलेले काही सापडतेच. विकताना आधी सेटिंगमधून गूगल खाते काढा आणि मगच रीसेट करा, नाहीतर घेणाऱ्याकडे तो कुलूपबंद पोहोचू शकतो.